हिरव्या पानाचा परवाना
अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार आहारपूरकांना, म्हणजे औषध न म्हणवता गोळीच्या रूपात विकल्या जाणाऱ्या पदार्थांना, विक्रीपूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही. त्यामुळे मन प्रसन्न ठेवण्याची ख्याती असलेली ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती तेथे अन्न म्हणून सुखाने नांदते. यकृताला मात्र हा कायदा ठाऊक नसल्याने ही वनस्पती पोटात गेल्यावर ते औषधांचा निचरा करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, वाढवते आणि गर्भनिरोधक गोळी किंवा प्रत्यारोपित अवयव टिकवणारे सायक्लोस्पोरिन निष्प्रभ होऊ शकते. नैराश्यावरील काही औषधांच्या जोडीला ही वनस्पती घेतल्यास मेंदूतील संदेशवाहक रसायनाचा, सेरोटोनिनचा, अतिरेक जिवावरही बेतू शकतो. तथापि वेष्टनावर हिरवे पान छापलेले असताना अशा शंका काढणे हा निसर्गाचा उपमर्द समजला जातो.