श्रवणाची सक्ती

प्रवासात माणसाची खरी पारख होते, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत; परंतु ती पारख त्यांनी पैशाचा व्यवहार, घोरणे आणि खिडकीजवळच्या जागेचा हव्यास एवढ्यापुरतीच मर्यादित ठेवली, याचे कारण त्यांच्या काळी वाटेत एकमेकांना गाणी ऐकविण्याची सोय नव्हती, हेच असले पाहिजे. घरी बसलेल्या माणसाला त्याच्या मित्राने एखादे नवे गाणे ऐकण्याचा कितीही आग्रह केला, तरी त्याच्यापाशी सुटकेचे अनेक मार्ग शिल्लक असतात: दारावरची घंटा वाजते, दूध उतू जाते, नळाला पाणी येते, आणि यांपैकी काहीच न घडल्यास 'रात्री निवांत ऐकतो' असे आश्वासन देता येते, जे खोटे असल्याचे उभय पक्षांना ठाऊक असल्यामुळे कोणाचीच फसवणूक होत नाही. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत मात्र यांतला एकही मार्ग खुला नसतो. नवे संगीत आवडावयास रसिकता लागते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. माझ्या मते त्यासाठी प्रथम दारे बंद असलेली गाडी लागते.

ऐकविणाऱ्या मनुष्याचे व्यवच्छेदक लक्षण असे की तो स्वतः गाणे ऐकत नाही. त्याचे सारे लक्ष आपल्या मुद्रेवर खिळलेले असते, आणि सावकाराने वायद्याच्या तारखेकडे डोळे लावून बसावे तसा तो आपली भुवई उंचावण्याची वाट पाहत बसतो. भुवई वेळेवर न उंचावल्यास तो आपल्या गुडघ्यावर हात ठेवून 'आता ऐक हं, आता येते ती जागा' असे म्हणतो. त्या वाक्याच्या आवाजात ती जागा येते आणि निघून जाते. मग गाणे पुन्हा मागे नेले जाते, आणि दुसऱ्या खेपेस 'ही, ही बघ!' या उद्गाराखाली ती दुसऱ्यांदा गतप्राण होते. कित्येक थोर गवयांच्या नामांकित जागा माझ्या स्मरणात केवळ माझ्या मित्रांच्या आवाजात जतन झालेल्या आहेत.

या व्यवसायाला यंत्रांनी जे उत्तेजन दिले त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे. चावीचा ग्रामोफोन घेऊन सहलीस निघणारा मनुष्य उपद्रवी असला तरी त्याच्या उपद्रवास निसर्गतःच मर्यादा होती, कारण मिनिटाला 78 फेरे घेणारी ती लाखेची तबकडी सुमारे तीन मिनिटांत संपे, हातातून पडली तर फुटे, आणि उन्हात राहिली तर वाकडी होई. पुढे 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि तीन मिनिटांची शिक्षा नव्वद मिनिटांवर गेली. त्यानंतर मोबाइल आला, आणि शिक्षेची मुदत आजन्म झाली. यंत्र जसजसे लहान होत गेले तसतसा ऐकविणाऱ्याचा अंमल विस्तारत गेला. या वृत्तीचा कळस अमेरिकन शास्त्रज्ञांनी गाठला. 1977 साली अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर त्यांनी पृथ्वीवरील निवडक संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली, आणि त्या संगीतात आमच्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ज्यांनी मागितलेली नाही, जे अस्तित्वात आहेत की नाहीत याचा पत्ता नाही, आणि असल्यास ज्यांना कान आहेत याची हमी नाही, त्यांनाही गाणे ऐकविल्यावाचून ज्यांना राहवले नाही त्या लोकांविषयी मला आदर आहे. मात्र त्यांच्यापैकी कोणाबरोबर मोटारीने जाण्याची माझी तयारी नाही.

माझ्या वाट्याला जे सहप्रवासी आले आहेत ते याहून थोडेसेच सौम्य आहेत. आमचे डॉक्टर, आमचे वकीलसाहेब, प्रवासखर्चाची वही सांभाळतात म्हणून खजिनदार ही पदवी पावलेले एक निवृत्त बँक अधिकारी आणि मी, असे चौघे डॉक्टरांच्या पुतण्याच्या लग्नासाठी पुण्याहून धारवाडला निघालो, तेव्हा भाड्याच्या गाडीचा चालक हा निपाणीकडचा एक अबोल तरुण होता, एवढीच त्याची दखल आम्ही घेतली. मोटारीतील यंत्राशी एका वेळी एकाच मोबाइलची सोयरीक जुळते, या अन्यायकारक व्यवस्थेमुळे कात्रजचा बोगदा ओलांडण्यापूर्वीच पहिला कलह उद्भवला. डॉक्टरांनी आपला मोबाइल जोडून बाजी मारली. परंतु खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर त्यांना एका रुग्णाचा फोन आला, आणि त्याने आपल्या पोटाची साद्यंत कैफियत गाडीच्या चारही ध्वनिक्षेपकांतून इतक्या स्वच्छ आवाजात मांडली, की डॉक्टरांचा हक्क तत्काळ रद्दबातल ठरविण्यात आला.

साताऱ्याच्या अलीकडे न्याहारीस थांबलो असता वकीलसाहेबांनी कागदी रुमालावर एक तहनामा तयार केला. प्रत्येकास अर्ध्या तासाची मुखत्यारी मिळावी. दुसऱ्याच्या अर्ध्या तासात कोणी टीकाटिप्पणी करू नये. तेच गाणे पुन्हा लावू नये. आणि कोणत्याही परिस्थितीत साथ म्हणून स्वतः गाऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. खजिनदारांनी हरकत घेतली की विलंबित ख्यालाचा नुसता डौल समजावयास अर्धा तास लागतो, तेव्हा ही विभागणी गझल ऐकणाऱ्यांच्या सोयीची आहे. वकीलसाहेब मेहदी हसनचे भक्त असल्यामुळे हा बाण कोठे लागला ते सर्वांना दिसले. तथापि अपुरा राहिलेला ख्याल पुढच्या पाळीवर तहकूब ठेवता येईल, असा फैसला देऊन त्यांनी वेळ मारून नेली. त्यांच्या स्वतःच्या अर्ध्या तासाविषयी एवढेच सांगणे पुरे की प्रत्येक उर्दू शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी ते गाणे थांबवीत होते, आणि ही टिप्पणी नसून भाषांतर आहे असा त्यांचा युक्तिवाद होता.

डॉक्टरांनी आपल्या पाळीत डेव्ह ब्रूबेक यांच्या चमूचे 'टेक फाइव्ह' हे 1959 सालचे जॅझ वादन लावले. खजिनदारांनी जॅझ हा प्रकार त्यापूर्वी केवळ हॉटेलातील उपद्रव म्हणूनच जाणला होता. ते डोळे मिटून, सहनशीलतेची मुद्रा धारण करून बसले. मिनिटभराने मात्र त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला, कपाळाला आठी पडली, आणि ते ताठ बसून म्हणाले, 'अरे, पाच मात्रा आहेत!' पाच म्हणजे अर्धा झपताल, परंतु त्यात दोन-तीन असावयाचे ते येथे तीन-दोन होते. म्हणजे गोऱ्या लोकांनी झपताल उलटा घातला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तेव्हापासून त्यांना जॅझविषयी, चुकीच्या वळणाला गेलेल्या नातेवाइकाविषयी वाटावी तशी आपुलकी वाटू लागली. डॉक्टरांना हा अपमान वाटला. माझ्या मते त्या दिवसातील पहिला अस्सल संगीतलाभ तो हाच, आणि तो डॉक्टरांच्या इच्छेविरुद्ध झाला, हे विशेष.

पेठ नाक्यावर सांगली-मिरजेची पाटी दिसली तेव्हा पाळी माझी होती, हा मी दैवी संकेत समजलो आणि मिरजेत ज्यांनी वास्तव्य केले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी लावली. ती लावण्यापूर्वी तिची पार्श्वभूमी सांगणे मला आवश्यक वाटले. ही तबकडी कानी पडून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा 1933 साली गुरूच्या शोधात घरातून पळाला, खिशात पैसे नसल्यामुळे बिनतिकीट आगगाडीत बसला, आणि डब्यात गाऊन त्याने पुढचा पुढचा प्रवास केला. तोच मुलगा पुढे भीमसेन जोशी झाला. तेव्हा त्या मार्गावरील ज्या तिकीट तपासनिसांनी कर्तव्यात कसूर केली, त्यांचा हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात यथोचित उल्लेख व्हावयास हवा, अशी माझी जुनी मागणी आहे. स्वतः खाँसाहेबही 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीस जात असता वाटेत अस्वस्थ वाटू लागल्यामुळे सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले, आणि तेथेच फलाटावर गात गात त्यांनी देह ठेवला. हे सर्व सांगून होईपर्यंत माझ्या पाळीतील फारच थोडा वेळ उरला, असा आरोप माझ्यावर ठेवण्यात आला. तो मला मान्य नाही. शिवाय उरलेल्या वेळातही, खाँसाहेबांचा आर्त सूर टिपेला पोहोचत असतानाच, मोबाइलमधील रस्ता दाखविणाऱ्या बाईंनी सरळ जाण्याचा हुकूम दिला, त्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

कोल्हापूरच्या हद्दीत खजिनदारांनी एक घटनात्मक पेच उपस्थित केला. येथे शाहू छत्रपतींच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते, तेव्हा मिरज किराण्याची असली तरी कोल्हापूर ही जयपूर घराण्याची सरहद्द आहे आणि येथे दुसऱ्या कोणाचे गाणे वाजविणे हे अतिक्रमण होय, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर मी, मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर घराण्याचे असून धारवाडचे, आणि त्याच धारवाडशेजारच्या हुबळीच्या गंगूबाई हनगल किराण्याच्या, तेव्हा तुमची सरहद्द कोठे आखणार, असा प्रश्न केला. हा वाद निपाणीपर्यंत चालला. चालकाचे गाव मागे पडले, तेही आम्हाला कळले नाही.

बेळगावला जेवण जड झाले. हिरेबागेवाडीच्या आसपास डॉक्टरांची मान कलली, पाठोपाठ वकीलसाहेबांची, आणि तहनाम्यातील सर्व पक्षकार निद्राधीन झाल्याने गाडीतील संगीत प्रथमच बेवारस झाले.

कित्तूरच्या जवळ जाग आली तेव्हा कोणीतरी गात होते. आवाज खडा, उंच, किंचित खरखरीत, आणि कोणालाही काही पटवून देण्याची घाई नसलेला होता. भाषा कानडी. आमच्यापैकी कोणासही ती येत नाही; परंतु आपल्या विठ्ठलालाही कानडा म्हणून ओळखणाऱ्या लोकांना ती अगदीच परकीही वाटत नाही. मी डोळे न उघडता ऐकत राहिलो, आणि पुढे कळले की शेजारचे दोघे आणि पुढचे डॉक्टर हेही त्या वेळी झोपेचे सोंग घेऊनच ऐकत होते. कारण उघड होते. डोळे उघडले असते तर अभिप्राय द्यावा लागला असता. चालकाने आमच्या मुद्रांकडे एकदाही पाहिले नाही. त्याचे डोळे रस्त्यावर होते, जेथे ऐकविणाऱ्याचे डोळे असावयास हवेत.

अखेर खजिनदारांना राहवले नाही. 'हे कोणाचं रे, बाबा?' त्यांनी विचारले.

'शरीफसाहेबांचं, काका. शिशुनाळचे.'

'आणि गातं कोण?'

'सी. अश्वथ.'

शिशुनाळ शरीफ हे 1819 ते 1889 या काळातले, हुबळीच्या मुलखातले संतकवी. जन्माने मुसलमान, आणि गुरू गोविंद भट्ट हे ब्राह्मण. त्यांची पदे अश्वथांनी चाली लावून घरोघर पोहोचविली, ही माहिती आम्हाला लग्नघरी मिळाली. 'तुझी आवड चांगली आहे हो,' वकीलसाहेब चालकाला म्हणाले.

'माझी न्हाई ओ,' तो म्हणाला. 'मागच्या भाड्यातली मंडळी पेनड्राइव्ह इसरून गेली. तुम्ही समदे झोपलासा, मला डोळा लागू नये म्हणून लावलं.'

म्हणजे ज्या कोणा अज्ञात प्रवाशांनी आम्हाला इतके उत्तम संगीत दिले, त्यांनी ते केवळ विसरून दिले होते. वकीलसाहेबांनी हा माल बेवारस नसून ठेव आहे आणि तो मालकास परत गेलाच पाहिजे असा निकाल दिला. मात्र तत्पूर्वी त्याची नक्कल करून घेण्यास काही बाध येतो किंवा कसे, याविषयी त्यांनी मत राखून ठेवले, आणि खजिनदारांनी त्या मौनाचा योग्य तो अर्थ लावला. लग्न यथासांग पार पडले. मुहूर्त आटोपताच डॉक्टरांनी वधूच्या धारवाडकर मामांना गाठून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शरीफसाहेबांचे पद ऐकविले. पाळण्यापासून तेच ऐकत आलेल्या त्या सज्जन गृहस्थांनी योग्य ठिकाणी भुवई उंचावली, यावरून धारवाडची संस्कृती किती उच्च आहे ते दिसून येते.

परतीच्या प्रवासात चालकाने, आपल्यालाही अर्धा तास मिळावा, अशी दरखास्त केली. तहनाम्यास पुरवणी जोडून ती एकमताने मंजूर झाली, आणि आता हा मुलगा काय ऐकवितो याविषयी आम्हा सर्वांना विलक्षण उत्सुकता वाटली. बेळगाव सोडल्यावर त्याची पाळी आली तेव्हा त्याने यंत्र बंद केले, आणि अर्धा तास काहीच लावावयाचे नाही, हीच आपली फर्माइश असल्याचे सांगितले. तहनामा संगीतापुरता असल्यामुळे शांतता ही फर्माइश होऊ शकते काय, असा मुद्दा वकीलसाहेबांनी काढला; सम जशी रिकामी ठेवूनही दाखविता येते तशी ही फर्माइश ग्राह्य आहे, असे खजिनदार म्हणाले; डॉक्टरांनी कोणा पाश्चात्त्य संगीतकाराचा दाखला दिला; मी मुळापासून विषय मांडू लागलो; आणि चर्चा निर्णायक टप्प्यावर आली तेव्हा वकीलसाहेबांनी घड्याळ पाहून चालकाची मुदत संपल्याचे जाहीर केले.