स्लॅबवरचं ऊन

घरावर सोलर बसवलेल्या माणसापाशी उन्हाचा विषय काढू नये. तुम्ही सहज म्हणता, "काय ऊन पडलंय हो आज." तो म्हणतो, "चौदा युनिट." अर्धापुरात तो माणूस मी आहे. एका लग्नात हातात अक्षता असताना मी शेजारच्या गृहस्थांना मोबाईलवरचा आलेख दाखवला आहे. मंगलाष्टकं संपली तरी माझं पाचवं कडवं चालूच होतं. हल्ली हिंगोली रोडच्या हॉटेलात मी शिरलो की ओळखीच्यांचे चहा लवकर संपतात.

तसा यात माझा पराक्रम काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान. अर्ज मोबाईलवरून पुतण्याने भरला, प्लेटा पोरांनी चढवल्या, वीज सूर्य करतो. मी खाली उभा राहून "जरा डावीकडे" म्हणालो होतो. तरी गावात सांगताना "मी वीजनिर्मिती सुरू केली" असंच तोंडातून निघतं. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट होतात म्हटल्यावर माणसाला आपण कोयना प्रकल्पाचे धाकटे भाऊ वाटायला लागतो. बिल मात्र शून्य होत नाही. वीज एक युनिट घेतली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो, ही गोष्ट मी हॉटेलात सांगत नाही.

प्लेटांची तोंडं दक्षिणेला करायची म्हटल्यावर आईने हरकत घेतली. दक्षिण यमाची. मी तिला अक्षांश, कर्कवृत्त, पृथ्वीचा कललेला आस असं सगळं समजावलं. ती म्हणाली, "मग यमाला विचारून बसव." दुसरा अपमान शास्त्राने केला. आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी ऊन आहे, मे महिन्यात मराठवाडा देशाला वीज पुरवील, अशी माझी समजूत होती. पण प्लेटांची क्षमता मोजतात ती २५ अंश तापमानाला. त्याच्या वर प्लेट जसजशी तापेल तशी दर अंशाला पाव ते अर्धा टक्का वीज घटते. तिला उजेड हवा असतो, भट्टी नको असते. २५ अंशांना आम्ही स्वेटर काढतो. म्हणजे ज्या उन्हाने आमचं आयुष्य भाजून काढलं, त्याला भाव नाही. भाव माघातल्या गारठ्यातल्या उन्हाला.

पण खरा कज्जा स्लॅबच्या मालकीचा झाला. तीन किलोवॉटला तीनशे चौरस फूट तरी बिनसावलीची जागा लागते, आणि आमच्या स्लॅबवर अशी जागा तेवढीच. तिच्यावर फाल्गुन ते वैशाख वहिवाट आमच्या मंडळींची. कुरड्या, पापड, खारोड्या, सांडगे, शेवया. आधी मी उदारपणे प्लेटा आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर घेतल्या. खाली मोकळी जागाच जागा! मंडळी वर आल्या, त्यांनी खाली पडलेली गर्द सावली पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, जागा ठेवलीत, ऊन कुठं ठेवलंत?"

या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर नसावं. एकच ऊन दोघांना विकता येत नाही. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. शिडी लावली आणि एका प्लेटवर ओलं फडकं पसरून कुरड्या घातल्या. काच, वर उतार, खाली वारा. वाळवणाला याहून चांगली जागा सरकारी अनुदानात मिळणं शक्य नाही. प्लेटा एका रांगेत जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की साऱ्या रांगेची वीज घटू शकते. त्या दुपारी माझा आलेख असा कोसळला की मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, झाडाची सावली आहे का?" मी म्हणालो, "गव्हाची."

आता जरा थांबून त्या कुरडईकडे बघा. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा, सोऱ्यातून घालायचा आणि चैत्राचं ऊन त्यात भरून ठेवायचं. डबा घट्ट असला तर वर्षभर गळती नाही. आषाढात, आठ दिवस सूर्याचं तोंड दिसलेलं नसताना, ती तेलात टाकली की चैत्र चार पट फुगून वर येतो. ही बॅटरी आहे. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत नाही, ती तीन वर्षांनी भंगारात जात नाही आणि पाहुण्यांना वाढता येते. उलट जिन्याखालची माझी बॅटरी. अनुदानात ती बसत नाही. ती घ्यावी लागली, कारण बाहेरची लाईट गेली की नुसत्या प्लेटांचं सोलरही बंद होतं. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरातून उलटी वीज जाऊन शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बरोबरच आहे ते. पण भर बारा वाजता, वर सहा प्लेटा चकाकत असताना, पंखा बंद पडून घाम पुसणाऱ्या वीजनिर्मात्याला ते पाहुण्यांपुढे पटवून सांगावं लागायचं.

त्यात आता वेळेचं गणित आलं. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. दिवसा सोलरची वीज मुबलक झाली, म्हणून दिवसा वापरा. मी तत्काळ घराचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं: धुणं अकराला, इस्त्री साडेबाराला, शेंगदाण्याची चटणी दोनला. मंडळींनी ते वाचलं आणि त्यावर दूधवाल्याचा हिशोब लिहिला.

ते वेळापत्रक मी मोठ्या भावालाही दाखवलं. दादाची केळी आहे इसापूरच्या कालव्याकडच्या अंगाला. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. "दिवसा लाईट जास्त झाली म्हण की," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "मग आमची लाईन रातच्या बाराला कामून येऊलाली?"

मला आलेख आठवला, किलोवॉट आठवले, उत्तर आठवलं नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. उन्हाळ्यात केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. साठी उलटलेला माणूस बॅटरी हातात घेऊन, पाचटात घोणस असेल या हिशोबाने काठी आपटत, मोटर चालू करायला जातो. लाईट आली की आपोआप मोटर चालू करणारा ऑटो लावलेला असतो, पण फ्यूज उडाला तर ऑटो काय करणार? वहिनी तो परत येईपर्यंत झोपत नाही. आमचे वडील असेच जायचे. मी शिकलो, नोकरीला लागलो, म्हणून माझ्या वाट्याला दुपारच्या इस्त्रीची सवलत आली.

शेतीचे फीडर सौर प्रकल्पांना जोडून दिवसा वीज द्यायची योजना राज्यात चालू आहे, आणि ज्या गावांना ती मिळाली तिथली माणसं रात्री घरी झोपतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मार्च २०२९ पर्यंत मोफत आहे, त्यामुळे दादाच्या घरात बिलाचा विषय निघत नाही, घड्याळाचा निघतो. माझं ७८ हजारांचं अनुदान वर्षभर उशिरा आलं असतं तरी माझं काही अडलं नसतं. ज्यांच्या हातात फीडरचं वेळापत्रक आहे त्यांनी सूर्य आधी केळीच्या वावरात न्यावा, आमच्यासारख्यांच्या स्लॅबवर नंतर आणला तरी चालेल.