गाव सुरक्षित कसे करावे: होतकरूंसाठी आठ पायऱ्या

सोसायटीवर संचालक व्हायला घराण्यात आधीचा संचालक लागतो. यात्रा कमिटीत तीन पिढ्यांची भाऊबंदकी बसलेली असते. झेडपीचे तिकीट तर स्वप्नातही मुंबईहून येते. अशा वेळी गावातल्या होतकरू माणसाने जावे कुठे? सुरक्षेकडे. या क्षेत्रात गर्दी कमी, भांडवल शून्य आणि हिशेब कोणी मागत नाही. गावात चोरी झाली तर ‘मी आधीच सांगत होतो’ म्हणता येते, नाही झाली तर ‘हे माझ्यामुळे’ म्हणता येते. दोन्हीकडून फायदा असलेला धंदा शेतकऱ्याच्या पोराला दुसरा कुठला मिळणार? तेव्हा पुढील पायऱ्या क्रमाने चढा. दमलात तर पारावर बसा, नाहीतरी काम तिथेच होते.

पायरी १: आधी ग्रामसभा सांभाळा

१९५८च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला भलतेच अधिकार देऊन ठेवले आहेत. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास लागतात. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. धोका तुमच्या लक्षात आला असेलच. १०० माणसे एका जागी बसली आणि त्यांनी जमाखर्च वाचायला मागितला, तर सगळ्यांत आधी तुमचीच सुरक्षा धोक्यात येते.

उपाय सोपा आहे. सभेची नोटीस फलकावर जरूर लावा, पण फलक दाराच्या मागे लावा. दवंडी द्या, पण लोक शेतावर गेल्यावर द्या. सभेच्या दिवशी अर्धा तास घड्याळाकडे बघा आणि कोरमअभावी सभा तहकूब करा. तहकूब सभा पुन्हा घेताना कोरम लागत नाही. कायद्यात ही सोय का ठेवली आहे, या विचारात वेळ दवडू नका, तिचा लाभ घ्या.

सह्यांची चिंता नको. संध्याकाळी शिपाई प्रोसिडिंगचे बुक घेऊन घरोघर फिरतो. कोणी गोठ्यात धार काढता काढता सही करतो, कोणी सुनेला करायला सांगतो. म्हणून तर अशा पानावर एकीकडे दुधाचा डाग, दुसरीकडे हळदीचे बोट आणि मध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ असते.

पायरी २: विषय आयत्या वेळी काढा

अजेंड्याचा क्रम पाठ करा. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, घरकुलांची यादी, आणि अगदी तळाला ‘आयत्या वेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’. घरकुलाची यादी वाचून झाली की ज्यांचे नाव लागले ते आनंदाने उठतात आणि ज्यांचे लागले नाही ते शिव्या घालत उठतात. उरलेल्या अकरा जणांसमोर तुम्ही उभे राहा. तीन वाक्ये पुरतात:

• ‘गावात बाहेरची माणसं लई वाढलीत.’
• ‘रात्री-अपरात्री कोण येतं, कोण जातं, कुणाला पत्ता नाही.’
• ‘उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?’

तिसरे वाक्य बोलताच खाली बसा. उभे राहिलात तर लोक तुमच्याकडेच बघतील.

पायरी ३: धोका पारखून घ्या

नवशिके इथेच चुकतात. शाळेमागच्या विहिरीला कठडा नाही, बसथांब्यापासून हायस्कूलपर्यंत एक दिवा लागत नाही, विजेची तार लोंबून पत्र्याला टेकायला आली आहे, असले धोके घेऊन ते उत्साहाने सभेत येतात. हे फार वाईट धोके आहेत. ते सगळ्यांना दिसतात, महिनाभरात दूर होऊ शकतात आणि नंतर ते दूर झाले की नाही हे लहान पोरही सांगू शकते. शिवाय विहीर चुलत्याची असते आणि दिव्यांचे बिल ग्रामपंचायतीने थकवलेले असते. नात्यात आणि बिलात पडू नये.

चांगला धोका लांबचा असावा, अंधारातला असावा आणि त्याला मतदारयादीत नाव नसावे. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यापासून पुणे जिल्ह्यापर्यंत रात्रीच्या ड्रोनने गावेच्या गावे गच्चीवर जागवली. असा धोका नशिबाने मिळतो, तो नीट वापरा. आकाशात दिवा हलताना दिसला तर ते ड्रोन. हलत नसेल तर ते थांबलेले ड्रोन. दिसेनासा झाला तर तुमचा जागता पहारा पाहून पळालेले ड्रोन. चोरट्यांना तुमच्या घरातली जुनी शेगडी पाहायला ड्रोन कशाला लागेल, असे विचारणारा एखादा मास्तर गावात असतोच. त्याला ‘तुम्हाला गावाची काळजी नाही’ एवढे सुनावा.

बिबट्या हा धोका मात्र जपून हाताळा, कारण तो खरा आहे. जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बाया-माणसे शेतात जाताना गळ्याशी हात धरून जातात, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तिथे पिंजऱ्याची मागणी करा. पिंजरा मोठा असतो, ट्रॅक्टरवरून येतो आणि फोटोत उठून दिसतो. पंपाला दिवसा थ्री फेज वीज द्या, म्हणजे रात्री उसात पाणी धरायला जावे लागणार नाही, ही मागणी कोणी काढली तर ‘धोरणात्मक बाब’ म्हणून पुढच्या सभेवर ढकला. दिवसाच्या विजेसोबत फोटो काढता येत नाही.

पायरी ४: समिती काढा

१५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातले भांडण गावातच मिटावे, कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत, असा त्यामागचा विचार होता. विचार चांगलाच होता. पुढे समितीचा अध्यक्ष कोण, यावरून किती गावांत डोकी फुटली, हे ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक आहे. यातून होतकरूने घ्यायचा धडा असा, की कामापेक्षा अध्यक्षपद टिकाऊ असते.

तेव्हा ग्रामसुरक्षा दल काढा. शिट्ट्या, काठ्या, बॅटऱ्या आणि टी-शर्ट आणा. टी-शर्टच्या पाठीवर ‘ग्रामसुरक्षा दल’, छातीवर तुमचा फोटो. गस्तीचा तक्ता स्वतः लिहा, म्हणजे आपले नाव कुठल्याच रात्री येणार नाही याची खात्री राहते. तुम्ही ‘संयोजक’. संयोजक झोपतो, त्याचा फोन जागा असतो. पोलीस पाटलाला निमंत्रित म्हणून एक खुर्ची द्या. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने गावावर लक्ष ठेवून ठाण्याला खबर देण्याचे काम त्याच्याकडेच आहे, हे त्याने बोलून दाखवले तर माईक लगेच सत्काराकडे वळवा.

पायरी ५: कॅमेरे बसवा

वित्त आयोगाचा पैसा बंधित आणि अबंधित असा दोन वाटांनी येतो. बंधित पाण्याला आणि स्वच्छतेला जातो, त्याच्याकडे बघू नका. अबंधितवर डोळा ठेवा. कॅमेऱ्याचा डोळा मात्र कुठे असावा, याला फारसे महत्त्व नाही.

आदर्श यंत्रणा कशी दिसते? ग्रामपंचायत कार्यालयात भिंतीवर मॉनिटर असतो आणि त्याच्या अर्ध्या भागावर पतसंस्थेचे कॅलेंडर लटकलेले असते. कॅलेंडर बाजूला केले की सोळा चौकोन दिसतात. त्यांतले अकरा काळे. दोहोंत सिग्नल नाही. एकात चिंचेची फांदी, एकात चौकातल्या फ्लेक्सवरच्या युवानेत्याचा कान. सोळावा तेवढा लखलखीत, त्यात कार्यालयाच्या दाराशी काढलेल्या चपला मोजून घेता येतात.

पासवर्ड तालुक्याच्या ठेकेदाराकडे राहू द्या. कुणाची मोटर चोरीला गेली आणि तो फुटेज मागायला आला, तर आधी अर्ज द्यायला सांगा, मग ‘त्या दिवशी लाईट नव्हती’ म्हणा. हे बहुधा खरेच असते, त्यामुळे पापही लागत नाही. उद्घाटन मात्र दोनदा करा, एकदा कॅमेऱ्यांचे आणि एकदा मॉनिटरचे.

पायरी ६: गतिरोधक घाला

गतिरोधक कसा असावा, याचे माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिले आहे: १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांबीची गोलसर, पसरट चढण. वाहन हळू व्हावे आणि चालकाचे मणके शाबूत राहावेत, असा त्यात विचार आहे. तुम्ही इतका विचार करू नका. ट्रॉलीभर खडी-डांबर मागवा आणि विटेवर वीट ठेवल्यासारखा उभा उंचवटा करा. जागा अपघाताच्या वळणावर नको, आपल्या दारासमोर हवी. तिथे प्रत्येक गाडी हळू होते आणि आतला माणूस नमस्कार करतो.

पांढरे पट्टे अजिबात मारू नका. लांबूनच दिसला तर लोक आधीच वेग कमी करतील, मग तुमच्या गतिरोधकाला काय काम उरले? बाळंतिणीला घेऊन निघालेली रिक्षा त्यावर आदळली तर हळहळ व्यक्त करा आणि अलीकडे आणखी एक गतिरोधक सुचवा.

पायरी ७: महिलांच्या सुरक्षेवर पुरुषांनी बोलावे

महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असेही कायदा सांगतो. घाबरू नका. महिलांच्या सभेला सरपंचबाई अध्यक्ष असतात आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे मिस्टर मार्गदर्शनासाठी असतातच. सभा दुपारी, स्वयंपाकाच्या आणि निंदणीच्या मधल्या वेळेत उरका.

तरी एखादी बाई उठून दारूच्या दुकानावर बोलतेच. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्याने पोरींना येता येत नाही, असे सांगते. तिला मतदानाची वाट दाखवा. दुकान बंद करणारी ‘आडवी बाटली’ निवडून आणायला मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा कौल लागतो. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, आजारी असलेली आणि नवऱ्याने घरात बसवलेली, अशा सगळ्याजणी आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. निकाल दुकानदाराच्या बाजूने लागला की ‘लोकशाही’ हा शब्द वापरा. एरवी तो फारसा लागत नाही.

पायरी ८: अनोळखी माणूस दिसला तर

ही पायरी रद्द केली आहे. इथे कोणताही सल्ला मिळणार नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून आधीच घरोघर पोचले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि त्या खोलीत त्यांचा जीव घेतला. जिथे जन्माचे दाखले मिळतात, ठराव लिहिले जातात, तेच ते कार्यालय. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले, तेही पोलिसांच्या देखत.

दोन्ही ठिकाणी जमलेल्यांची समजूत एकच होती: आपण गाव वाचवतो आहोत. ‘बाहेरची माणसं लई वाढलीत’ हे दुसऱ्या पायरीवरचे वाक्य कोणी सभेत टाळीसाठी बोलतो, कोणी मोबाइलवर पुढे पाठवतो, आणि ते शेवटी कुणाच्या हातात काठी होऊन येते हे बोलणाऱ्याला कळतही नाही. अनोळखी माणूस दिसला तर ११२ला फोन करावा, पोलीस पाटलाला सांगावे आणि त्या माणसाला पाणी विचारावे. यातले काहीच होतकरूच्या उपयोगाचे नाही, म्हणून पायरी रद्द.

पदवीदानापूर्वी एक इशारा

सात पायऱ्या नीट चढलात तर वर्षभरात तुमचा फ्लेक्स लागेल. तुमचे काम बिघडवू शकेल असा माणूस गावात एकच असतो. तो भाषण करत नाही. सभेला वेळेवर येतो, शेवटपर्यंत बसतो आणि दिव्यांचे बिल किती थकले, विहिरीच्या कठड्याचा ठराव कधी झाला, कॅमेऱ्याचे पैसे कुठल्या खात्यातून गेले, एवढेच विचारतो. उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतल्याशिवाय उठत नाही. असा एक जण असेल तर त्याला वेडा ठरवता येते. दहा असतील तर जड जाते. १०० आले तर कोरम भरतो, आणि मग ही मार्गदर्शिका रद्दीत घाला.

गाव कितीही मोठे असो, कोरमला १००च्या वर माणसे लागत नाहीत. एवढी माणसे आपल्याकडे कुणाच्याही दहाव्याला जमतात, तीही दवंडी न देता.