राक्षसांची बाजू कोण मांडणार?

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलाभोवती साधारण पाच माणसं बसतात. त्यातली चौघं नायक. पाचवा डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, आणि उरलेलं सगळं जग त्याच्या गळ्यात पडतं: खाणावळीची मालकीण, राजा, पाऊसपाणी आणि राक्षस. या राक्षसांनी नायकांना मरणाच्या दारापर्यंत न्यावं, पण आत ढकलू नये, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ही अपेक्षा कोणी लेखी देत नाही. ती पूर्ण झाली नाही तर तक्रार मात्र तत्काळ आणि तोंडावर होते. तुम्ही डीएम असाल तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नसाल तर चहा घ्या आणि नीट ऐका.

तक्रारी दोनच प्रकारच्या. लढाई झटपट संपली तर "काय रे, मजाच नाही आली." कोणी मेलं तर "हे बॅलन्स्ड नव्हतं हं." फासे झाकायच्या पडद्यामागे ड्रॅगनचा फासा जबर पडला आणि डीएमने दया येऊन आकडा कमी सांगितला, तर तो लबाडी करतो. खरा आकडा सांगितला, तर तो निर्दय. एकाच माणसावर एकाच लढाईसाठी परस्परविरोधी आरोप ठेवायचे आणि दोन्ही सिद्ध झाले असं समजायचं, हे कुठल्या चौकशी समितीतही चालत नसेल.

हे आधीपासून असं नव्हतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून बाजारात आला, तेव्हा व्यवहार सरळ होता. तळघरात जितकं खाली जाल तितके भयंकर राक्षस भेटतील. झेपत नसेल तर पळा. पळायचं की नाही हे खेळाडूंनी ठरवायचं आणि भोगायचंही त्यांनीच. मग २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि प्रत्येक राक्षसाच्या नोंदीत चॅलेंज रेटिंग, म्हणजे सीआर, नावाचा आकडा छापला गेला. सीआर पाच म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चौघांना पेलेल असा राक्षस. आकडा छापला गेला त्या दिवशी सगळी जबाबदारी डीएमकडे वर्ग झाली.

या आकड्याची किंमत काय, ते आपण एकदा कागदावर मांडूनच बघू. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचा सीआर पाव आहे आणि त्याला मारल्यावर ५० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. चार गॉब्लिन म्हणजे २००. पण शत्रू तीन ते सहा असतील तर बेरजेला दोनाने गुणायचं, असा डीएमच्या पुस्तकात नियम आहे. झाले ४००. आता पहिल्या लेव्हलच्या एका नायकासाठी जीवघेण्या लढाईची मर्यादा १००, चौघांची ४००. म्हणजे चौघांवर चार गॉब्लिन ही, पुस्तकाच्याच हिशेबाने, जीवघेणी लढाई. आणि नवशिक्यांसाठी म्हणून त्याच वर्षी जो स्टार्टर सेट निघाला, त्यातल्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' या साहसाची पहिली लढाई काय आहे? वाटेत मेलेले घोडे पडलेत आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेत. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पडदा उभा केलाय त्या डीएमच्या हातात हे दिलं जातं.

गॉब्लिनचा एक बाण सरासरी पाच घाव करतो. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे हिट पॉइंट असतात सातआठ. दोन बाण लागले की विझार्ड आडवा. पण त्याच विझार्डचा नंबर आधी लागला आणि त्याने स्लीप हा झोपेचा मंत्र टाकला, तर आठ बाजूंच्या पाच फाशांची सरासरी येते बावीस, गॉब्लिनकडे हिट पॉइंट सातच, म्हणजे चारातले तीन जागच्या जागी घोरायला लागतात. लढाई एकच, नायक तेच, गॉब्लिन तेच. पहिल्या सहा सेकंदांत ती हत्याकांड होईल की अंगाईगीत, हे आधी कोणाचा नंबर लागतो त्यावर. यात डीएमने नेमकं काय बॅलन्स करायचं होतं?

आता त्याच आवृत्तीत वरच्या पायरीवर चला. शॅडो नावाच्या सावलीचा सीआर अर्धा. तिचा स्पर्श लागला की अंगातली ताकद एक ते चार अंकांनी उतरते. ताकद शून्य झाली की माणूस मेला, वाचण्यासाठी फासा टाकायची सोय नाही. विझार्डची ताकद आठ असेल तर दोन स्पर्शांतही खेळ संपू शकतो. इंटेलेक्ट डिव्हाउरर हा चार पायांवर चालणारा मेंदू, सीआर दोन. आठ बुद्धीचा फायटर पहिल्या फाशात चुकला, तर पुढच्या फाशात त्याची बुद्धी शून्य होण्याची शक्यता पाचात चाराहून जास्त. आणि तिकडे सीआर तीस, ६७६ हिट पॉइंटवाला टरास्क, खेळातला सगळ्यात अजस्र प्राणी! २०१४ च्या पुस्तकातल्या त्याच्या नोंदीत लांबून मारायचा एकही हल्ला नाही आणि त्याला उडताही येत नाही. पंखवाले नायक वर घिरट्या घालत बसले तर तो खालून नुसता बघत राहणार. आकडे असे वाटायचे आणि लढाई फसली की डीएमकडे बोट दाखवायचं, ही रीत मला मान्य नाही.

खरी गोम मात्र विश्रांतीत आहे. २०१४ चा हिशेब असं धरून चालतो की नायक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया लढतील आणि जादू पुरवून पुरवून वापरतील. प्रत्यक्षात टेबलावर एक लढाई होते आणि कोणीतरी म्हणतं, "लाँग रेस्ट घेऊ या का?" आठ तास झोप, सगळी जादू परत. आचाऱ्याला दिवसभराच्या पंगतींचा शिधा मोजून द्यायला सांगावं आणि पहिल्याच पानाने सगळी परात रिकामी करावी, तसं हे आहे.

यात भरडला जातो तो बॉस. डीएमने त्याला नाव दिलेलं असतं, भावाच्या खुनाचं दुःख दिलेलं असतं, एक लांबलचक भाषण लिहिलेलं असतं. तो सिंहासनावरून उठतो, "मूर्खांनो" म्हणतो आणि तेवढ्यात बॅनिशमेंट. करिश्म्याचा फासा चुकतो आणि बॉस मिनिटभरासाठी दुसऱ्या मितीत रवाना होतो. तेवढ्या वेळात त्याची माणसं कापली जातात, आणि जिथून गेला तिथेच तो परत उगवतो तेव्हा चारही बाजूंनी हत्यारं तयार असतात. पॅलाडिनने जादूचे उरलेले सगळे स्लॉट त्याच्यासाठीच राखून ठेवलेले असतात. चौघांच्या चार पाळ्या होतात तेव्हा त्याची एक होते, आणि हे गणित सीआरच्या कुठल्याही आकड्याने भरून निघत नाही. लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे बचावाचा चुकलेला फासा बरोबर ठरवायची मुभा, मोजक्या बड्या राक्षसांना, बहुतेक वेळा दिवसातून तीनदा. बाकीच्यांनी निमूट मरायचं.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत हा जमाखर्च बऱ्यापैकी जुळला होता. एका घावात मरणारे मिनियन होते, कोणत्या राक्षसाने काय काम करायचं हे ठरलेलं होतं. मग अनेक खेळाडूंना सगळे नायक एकसारखे वाटायला लागले, आणि पाचवीत तो हिशेब मागे पडला.

२०२४ साली डीएमचं पुस्तक नव्याने आलं. त्यात गुणायचा नियम काढून टाकला आणि लढायांचे तीन वर्ग केले: लो, मॉडरेट, हाय. पहिल्या लेव्हलच्या एका नायकासाठी लो लढाईचा आकडा आहे ५०, चौघांचा २००. ५० एक्सपीचे चार गॉब्लिन मांडा: बरोब्बर २००. दहा वर्षं जी लढाई जीवघेणी म्हणून नोंदली होती, ती आता सगळ्यात हलक्या वर्गात बसते. बाण तोच, सरासरी पाच घावांचा. ज्यांनी या दहा वर्षांत त्या जुन्या गुणाकारावर विसंबून लढाया आखल्या आणि शिव्या खाल्ल्या, त्यांच्या नुकसानाबद्दल कुठे अवाक्षर नाही.

तेव्हा तुमच्या टेबलावर कोणी डीएम असेल तर एवढं करा. लढाईच्या आधी आपले किती स्लॉट उरलेत ते त्याला खरं सांगा. दिवसाउजेडी लाँग रेस्ट मागू नका. आणि बॉसचं भाषण संपेपर्यंत फाशांना हात लावू नका.