मोकळी जागा, लगेच ताबा

मुंबईत जन्मलेल्या माणसाला मोकळ्या जागेचे मोल शिकवावे लागत नाही. विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्यांनी नाव आणि पैसा कमावला आणि २०१३मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ हा संघ घेतला. संघाने सात वर्षे प्लेऑफचे तोंड पाहिले नव्हते, म्हणजे सुधारणेला वाव भरपूर होता. तो आजही पुष्कळसा शिल्लक आहे.

एनबीएत संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते. २०१५-१६च्या हंगामासाठी ती ७ कोटी डॉलर होती. चालू करारांचे पैसे वजा जाता उरते ती जागा. जुलै लागला की करारमुक्त खेळाडूंचा बाजार भरतो आणि ज्याच्या खिशात जागा आहे तो जनरल मॅनेजर त्यात छाती काढून हिंडतो. त्याचा संघ हरत असेल, त्याने एका हंगामात तीन प्रशिक्षक बदलले असतील (सॅक्रामेंटोने नुकतेच बदलले होते), पण त्याच्याकडे जागा असते! आणि नसेल तर ती करावी लागते.

ती करण्याचे काम त्या उन्हाळ्यात व्लादे दिवात्स यांच्याकडे आले. दिवात्स म्हणजे सॅक्रामेंटोचा एके काळचा लाडका खेळाडू. चांगला खेळाडू चांगला व्यवस्थापक होतोच, ही श्रद्धा आपल्या क्रिकेट मंडळांपुरती मर्यादित नाही. सौद्याला समोर होते फिलाडेल्फियाचे सॅम हिंकी. आज हरा, निवडी साठवा (हरणाऱ्या संघांना नवे खेळाडू निवडताना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त), कधीतरी जिंका, हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्यातला पहिला भाग ते निष्ठेने पाळत होते.

दिवात्स यांनी काय दिले? कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन, म्हणजे नकोसे झालेले करार. शिवाय निक स्टॉस्कस, ज्याला वर्षभरापूर्वीच आठव्या क्रमांकावर मोठ्या हौसेने निवडले होते. वर पहिल्या फेरीची एक भावी निवड. आणि २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी तुमचा क्रमांक वाईट आणि आमचा चांगला लागला, तर खुशाल बदलून घ्या, असा हक्क. आयजीच्या जिवावर बायजी उदार. बदल्यात मिळाले युरोपातल्या दोन खेळाडूंचे हक्क, आर्तुरास गुदाइतिस आणि लुका मित्रोविच यांचे. दोघेही एनबीएत कधी खेळले नाहीत. त्यातल्या ‘लुका’ या नावाची नोंद मात्र करून ठेवावी.

पण जागा झाली! सुमारे १.६ कोटी डॉलरची, स्वच्छ, हवेशीर जागा. आता बोलवायचे कोणाला? बातम्यांनुसार वेस्ली मॅथ्यूज या खेळाडूला सॅक्रामेंटोने डॅलसपेक्षा जास्त पैसे देऊ केले होते. मार्चमध्ये त्याच्या टाचेचा स्नायुबंध फाटला होता. म्हणजे ज्याला धड चालता येत नव्हते, तोही सॅक्रामेंटो टाळून डॅलसला पोचला. मग आले राजन राँडो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कुफोस. राँडोने त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये बास्केट साधून देणारे सरासरी सर्वाधिक पास दिले, संघ ३३ सामने जिंकला आणि ४९ हरला. वर्षभराचा करार संपताच राँडो शिकागोला निघून गेला, आणि जागा पुन्हा मोकळी झाली. याला म्हणतात नियोजन.

मे २०१७मध्ये निवडीचे क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीत सॅक्रामेंटोचे नशीब उघडले आणि तिसरा क्रमांक लागला. फिलाडेल्फियाने जुना कागद पुढे केला आणि आपला पाचवा देऊन तिसरा उचलला. पण हिंकी तेव्हा होते कुठे? तेरा पानी राजीनामा लिहून ते वर्षभर आधीच घरी गेले होते. त्यांच्या वारसांनी तो तिसरा क्रमांक आणि आणखी एक निवड बॉस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला व मार्केल फुल्ट्झला निवडले. त्याचा खांदा बिघडला आणि चेंडू टाकणेच अवघड होऊन बसले. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला आणि २०२४मध्ये विजेतेपद मिळवले. फिलाडेल्फियाने दिलेली ती आणखी एक निवडही २०१९मध्ये सॅक्रामेंटोचीच निघाली. राँडोच्या एका हंगामासाठी एवढा आहेर कोणी केला नसेल. (पाचव्या क्रमांकावर सॅक्रामेंटोला डीॲरन फॉक्स मिळाला आणि तो उत्तम निघाला, हेही सांगितले पाहिजे. चुकून बरे होण्याचीही काही शक्यता असतेच.)

दिवात्स यांची खरी कमाल मात्र फेब्रुवारी २०१७ची. संघाचा सर्वात मोठा खेळाडू डीमार्कस कझिन्स ऑल-स्टार सामना खेळायला न्यू ऑर्लिन्सला गेला होता. सामना संपतो न संपतो तोच त्याला न्यू ऑर्लिन्सलाच देऊन टाकले. निदान विमानाचे भाडे वाचले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे दिवात्स यांनी निरागसपणे सांगितले, की दोन दिवसांपूर्वी याहून चांगला सौदा हातात होता. मंडईतली भाजीवालीसुद्धा संध्याकाळचा दर सांगताना सकाळचा दर सांगत नाही. पण मोठ्या पदांवर असा प्रामाणिकपणा दुर्मीळ, म्हणून आदराने नमूद करतो.

२०१८मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडण्याची पाळी आली तेव्हा समोर लुका डॉन्चिच होता. सॅक्रामेंटोने मार्विन बॅगलीला घेतले. एक लुका आधीच आणून ठेवला होता, दुसरा कशाला? पुढच्या वर्षी हा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला आणि दोन्ही हरला. मालकाच्या जन्मगावी पाहुणचार असा यजमानासारखा करावा. २०२०च्या ऑगस्टमध्ये दिवात्स पायउतार झाले.

तरीही सॅक्रामेंटोचा विक्रम अबाधित राहिला नाही. डॉन्चिचला नुसते न निवडणे यात काय मोठेसे? डॅलसच्या निको हॅरिसन यांनी २०२५च्या फेब्रुवारीत तो हातात असताना, पंचविसाव्या वर्षी, संघाला फायनलमध्ये नेल्याला वर्षही झालेले नसताना, लेकर्सना देऊन टाकला. बोलणी कॉफीच्या टेबलावर सुरू झाली होती. बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस डॅलससाठीच्या पहिल्याच सामन्यात जखमी झाला. प्रेक्षक हॅरिसनना हाकला म्हणून ओरडू लागले, आणि मे महिन्यात लॉटरीत अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक डॅलसला लागला. कूपर फ्लॅग मिळाला. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनना घरी पाठवले. फ्लॅग राहिला.