कोजागरी, खंडग्रास आणि आमचं पोट

२८ ऑक्टोबर २०२३ ची कोजागरी शनिवारी आली ती चंद्रग्रहण सोबत घेऊनच. ग्रहणाचा स्पर्श मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे वेध दुपारी चारपासून. खडकीतल्या आमच्या सोसायटीपुढे पेच पडला, मसाला दूध प्यायचं कधी? काकूमंडळाचं म्हणणं, चारच्या आत उरकून घ्या. कोजागरीचं दूध, आणि तेही दुपारच्या उन्हात! माझा वैज्ञानिक दृष्टिकोन एरवी मीटरचं रीडिंग घेण्यापलीकडे कामाला येत नाही, पण त्या दिवशी तो उसळला. "ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. तिचा दुधाशी काय संबंध? मी सर्वांसमक्ष पिऊन दाखवतो!"

"बाल, वृद्ध आणि आजारी यांना वेधात सूट असते," पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "तुम्ही कशात बसता?"

मी काहीच बोललो नाही.

रात्री गच्चीवर सतरंज्या पडल्या आणि माझं व्याख्यान सुरू झालं. अंटार्क्टिकात २०१२ साली सुरू झालेलं आपलं 'भारती' केंद्र पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. आकाश निरभ्र असेल तर आपण बघू त्याच घटकेला तिथली मंडळीही हेच ग्रहण बघतील. फक्त ऑक्टोबरअखेर तिथे रात्र पुरती काळोखी होत नाही, आणि ग्रहणाच्या वेळी चंद्र क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर असेल. खिडकीतून समोर पाहिलं की काम झालं. खडकीत तो जवळपास डोक्यावर.

"मग आम्हालाही तिकडंच न्यायचं होतं," एक काका मान चोळत म्हणाले.

मान चोळायची वेळ त्यांच्यावर मीच आणली होती. ग्रहण साडेअकराला लागतं असं सांगून मी सगळ्यांना वर गोळा केलं होतं. साडेअकराला चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेत शिरतो, हे खरंच आहे. पण ती छाया साध्या डोळ्यांना जवळपास कळतच नाही. गडद छायेचा स्पर्श व्हायला पुढे दीड तास. तोवर वीसेक माणसं एका धडधाकट पौर्णिमेच्या चंद्राकडे आ वासून बघत राहिली. "लागलं का?" "लागतंय." "कुठं?" लोकांना आवडला तो चंद्राशेजारी झगझगणारा गुरू, आणि तोही निम्म्यांनी लोहगावला उतरणारं विमान समजून पाहिला. साडेबारापर्यंत गच्ची रिकामी झाली.

उरलो मी, वॉचमनमामा आणि दुधाचं पातेलं. वेधामुळे कुणी त्याला शिवलं नव्हतं. काकूंनी जाता जाता त्यात तुळशीचं पान तेवढं टाकलं होतं. विज्ञानाची बाजू एकट्यानं लढवायची म्हणून मी केशर-बदाम-जायफळाचे पेले एकामागून एक रिचवले. जायफळानं झोप येते हे ऐकून होतो. इतक्या साईनं काय होतं ते मला स्पर्शानंतर थोड्याच वेळात कळलं. चार जिने उतरून घर गाठलं. पावणेदोनला, ग्रहणमध्याच्या ऐन मुहूर्तावर, मी ज्या खोलीत होतो तिथून आकाशाचा कुठलाही भाग दिसत नाही.

ते ग्रहणही तसं बेताचंच. चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकला गेला, आणि २ वाजून २२ मिनिटांनी मोक्षसुद्धा झाला. सोसायटीतर्फे ते पाहिलं एकट्या वॉचमनमामांनी. "साहेब, कडेला इवलुसं काळं झालं होतं. तेवढ्यासाठी एवढी माणसं उठवली?"

सकाळपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोहोचली होती. ग्रहणात खाल्लं की काय होतं, याचा चालताबोलता पुरावा सोसायटीला मिळाला होता. मी साईचा मुद्दा मांडून पाहिला. तो कुणी कानावर घेतला नाही. काकू मऊ भात आणि ताक घेऊन आल्या. "आता बसता हो तुम्ही आजाऱ्यांत. पुढच्या वेळी खुशाल खा."

आपल्याकडून दिसणारं घसघशीत खंडग्रास ६ जुलै २०२८ ला मध्यरात्रीच्या सुमारास आहे. त्या वेळी चंद्राचा ३९ टक्के व्यास झाकला जाईल. जुलैत खडकीत चंद्र दिसण्यापेक्षा गच्ची गळण्याची शक्यता जास्त, तरी हौशी मंडळींनी जरूर यावं. दूध मात्र आपापलं आणावं.