भुशाखालचा हिवाळा

कॅनडातल्या कॅनमोरला हिवाळ्याची वाट पाहणं मंजूर नाही. गेल्या मोसमातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवायचा आणि ऑक्टोबरात पसरायचा. १९८८च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या नॉर्डिक स्की केंद्रात मग क्लबची पोरं त्या पांढऱ्या पट्टीवर फेऱ्या मारतात. दोन्ही बाजूंना मात्र गवत!

खरी चुरस पालकांची. शर्यत जेमतेम तीन किलोमीटरची, पण बाबा हातात इस्त्री घेऊन स्कीला मेण लावताहेत, चेहऱ्यावर शस्त्रक्रियेचं गांभीर्य. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४पासून फ्लोरिनयुक्त मेणावर बंदी घातली, तेव्हा कित्येक बापांची प्रतिभाच जप्त झाली. तरी हिशेब पक्का आहे: पोरगं मागे पडलं तर मेण चुकलं, जिंकलं तर रक्तातच आहे.

पोरं निकाल लागण्याआधीच हॉट चॉकलेटच्या रांगेत असतात.